साडेतीन स्टार

चित्रपट संपतो. श्रेयनामावली सरकायला लागते न लागते तोच आकसून कोपऱ्यात जाते आणि पुढचं काहीतरी आपोआप सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत नेटफ्लिक्स विचारतं: अंगठा खाली, वर, की दोन्ही अंगठे वर? पुष्कळ जण त्या वेळी रिमोट शोधत असतात किंवा पाठीमागची उशी सारखी करत असतात. अंगठा तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्यांचाच निकाल येतो: "पाहिला काल. मध्यंतरापर्यंत फार खेचलाय, पण शेवट मस्त. साडेतीन देईन मी."

हा निकाल देणारी मावशी किंवा भाचा कुठल्या वर्तमानपत्रात लिहीत नाही. निकाल कुणी मागितलेलाही नसतो. तरी भाषा समीक्षकाची आणि आकडा साडेतीनचा. (आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन, स्टार तेवढेच निघावेत यात नवल नाही.) घरी पाहिलेल्या चित्रपटाला स्टार द्यायची ही सवय कुठून आली याचा माग काढायचा तर आधी घराच्या आणि चित्रपटाच्याही बरंच बाहेर जावं लागतं. तो माग काढताना एक गोष्ट सारखी समोर येते. स्टार हा दोन माणसांमधला व्यवहार आहे: एक देतो, दुसरा त्यावर विसंबून घराबाहेर पडतो. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे बदलत गेलं तसा स्टारचा अर्थ बदलत गेला.

उद्गारचिन्हं आणि चांदण्या

मारियाना स्टार्क ही इंग्रज लेखिका. तरुणपणी तिने 'द विडो ऑफ मलबार' नावाचं, सतीप्रथेवरचं नाटक लिहिलं होतं. पुढे आजारी नातेवाइकांच्या शुश्रूषेसाठी ती काही वर्षं इटलीत राहिली. १८१५मध्ये नेपोलियनची युद्धं संपली आणि युरोप पुन्हा फिरायला मोकळा झाला, तेव्हा पूर्वीच्या सरदारपुत्रांच्या जागी बायकामुलांसह, खर्चाचा अंदाज घेत निघालेली मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंबं दिसू लागली. त्यांच्यासाठी स्टार्कबाईंनी लिहिलेलं मार्गदर्शक पुस्तक लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने १८२०मध्ये काढलं. त्यात खाणावळींचे आणि घोड्यांचे दर होते, बरोबर काय न्यावं याच्या याद्या होत्या, आणि चित्रं-पुतळ्यांच्या नावांपुढे उद्गारचिन्हं होती. चांगल्याला एक, फार चांगल्याला दोन, आणि अगदी चुकवू नये अशा कलाकृतींना तीन-चार.

स्टेंधालने १८३९मधल्या आपल्या कादंबरीत या पुस्तकाची थट्टा केली आहे. स्टार्कबाईंच्या पुस्तकात भाव पाहिल्याशिवाय बारीकसारीक वस्तूही विकत न घेणारा इंग्रज प्रवासी त्याने रंगवला. थट्टा मर्मावर बसणारी होती, कारण टर्कीचा भाव आणि राफाएलची थोरवी एकाच पुस्तकात, एकाच कोरडेपणाने नोंदली गेली होती. पण फ्लॉरेन्समध्ये दोनच दिवस हाताशी असलेल्या कुटुंबप्रमुखाला हेच हवं होतं. सगळं पाहायला वेळ नाही, मग कशापुढे थांबायचं?

१८४०च्या दशकात जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकरने आपल्या प्रवासपुस्तकांत उद्गारचिन्हाऐवजी छापील चांदणी वापरायला सुरुवात केली आणि ती रूढ झाली. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९००मध्ये मोटारवाल्यांसाठी माहितीपुस्तिका काढली, १९२६पासून त्यात चांगल्या उपाहारगृहांना चांदणी मिळू लागली आणि १९३१मध्ये एक-दोन-तीन अशी उतरंड तयार झाली. तिचा अर्थ टायर कंपनीला शोभेल असाच होता. दोन चांदण्या म्हणजे वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही. तीन म्हणजे मुद्दाम तेवढ्यासाठी प्रवास करा. जेवणाची चव इथे किलोमीटरमध्ये मोजलेली आहे. चांदणीचं मूळ काम हेच: माणसाने किती लांब जावं, किती वेळ आणि पैसा घालवावा, हे सांगणं.

तिकिटाच्या पैशांचा प्रश्न

चित्रपटांना हे चिन्ह चिकटलं ते ३१ जुलै १९२८ रोजी. 'न्यू यॉर्क डेली न्यूज' या टॅब्लॉइड दैनिकात आयरीन थायरर चित्रपटांवर लिहीत असे. त्या दिवशी तिने वाचकांना कळवलं की यापुढे प्रत्येक चित्रपटाला स्टार दिले जातील: उत्कृष्टला तीन, चांगल्याला दोन, बेताच्याला एक, आणि वाईटाला काहीच नाही. पहिला मान 'पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' या आता विस्मरणात गेलेल्या चित्रपटाला मिळाला. स्टार एक.

टॅब्लॉइड हे उभ्याने, ट्रामच्या गर्दीत वाचायचं वर्तमानपत्र. मूकपट मागे पडून बोलपट येऊ घातले होते, दर आठवड्याला नव्या चित्रपटांची रांग लागे, आणि नोकरीवरून परतणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठल्या थिएटरात शिरायचं एवढंच ठरवायचं असे. थायररचे स्टार त्याच्यासाठी होते. त्यामागे तिचं नाव होतं. रोज वाचणाऱ्याला तिची आवडनिवड महिन्याभरात कळून जाई आणि तो तिच्या स्टारमधून आपल्यापुरती वजाबाकी-बेरीज करून घेई.

याच सुमाराला अमेरिकेत आणखी एक, आज जवळजवळ विसरला गेलेला प्रकार जोरात होता. गावोगावचे थिएटरमालक व्यवसायाच्या साप्ताहिकाला पत्रं पाठवत आणि ती 'व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी' या सदरात छापली जात. चित्रपट कसा आहे यापेक्षा आमच्या गावात त्याने काय केलं, शनिवारी गर्दी किती झाली, कुणी उठून गेलं का, असा मजकूर. खाली थिएटरचं आणि गावाचं नाव. शेतकऱ्यांच्या गावातला मालक दुसऱ्या शेतकरी गावातल्या मालकाचं मत वाचे आणि चित्रपट मागवायचा की नाही ते ठरवी. समीक्षक नसलेल्या माणसांनी आपल्यासारख्यांसाठी लिहिलेला अभिप्राय, म्हणजे आज ज्याला आपण युजर रिव्ह्यू म्हणतो, त्याचा हा पूर्वज. फरक इतकाच की इथे चुकीचं मत दिल्यास पुढच्या आठवड्यात तोंड दाखवायची चोरी होती.

पॅरिसमध्ये 'काइए द्यु सिनेमा' मासिकाने १९५५मध्ये दहा जणांचं पंचमंडळ बसवलं. आडव्या ओळींत चित्रपट, उभ्या रकान्यांत परीक्षकांची नावं, आणि चौकटीत स्टार. ज्याच्या वाटेला जाऊच नये अशा चित्रपटासाठी काळा ठिपका. या तक्त्याची खुबी अशी की त्यात सरासरी नव्हती. एकाच चित्रपटासमोर एकाचे तीन स्टार आणि शेजारी दुसऱ्याचा काळा ठिपका, दोन्ही तसेच छापले जात. भांडण झाकलेलं नसे. वाचक उलट भांडणच आधी शोधत.

सिनेमा घरात शिरतो

तोवर अमेरिकेत एक मोठी उलथापालथ सुरू झाली होती. टीव्हीला शत्रू मानून दूर ठेवणाऱ्या हॉलिवुडच्या स्टुडिओंनी १९५५-५६मध्ये आपले जुने चित्रपट टीव्हीला विकायला काढले. आधी आरकेओने सातशेच्या वर चित्रपट एकगठ्ठा दिले, मग वॉर्नर आणि एमजीएमने. वीस-पंचवीस वर्षांचा साठा अचानक घराघरांत ओतला गेला. रात्री अकराला कुठल्या तरी स्थानिक वाहिनीवर १९३८चा एखादा चित्रपट लागलेला दिसे. त्याची परीक्षणं रद्दीत गेलेली, थिएटरमधला बोर्ड कधीच उतरलेला. बघायचा की झोपायचं?

स्टीव्हन शोअरने १९५८मध्ये या प्रश्नावर खपाऊ कागदी बांधणीचं पुस्तक काढलं: टीव्हीवर लागणाऱ्या चित्रपटांची अकारविल्हे यादी, प्रत्येकाला दोन-तीन ओळी आणि स्टार. १९६९मध्ये त्याला स्पर्धक आला. लेनर्ड मॉल्टिन हा अठरा वर्षांचा मुलगा; शाळेत असल्यापासून जुन्या चित्रपटांवर छोटंसं मासिक काढत होता. त्याच्या 'टीव्ही मूव्हीज'ने पुढची पंचेचाळीस वर्षं अमेरिकन घरांत टीव्हीशेजारी जागा धरली.

यातली एक नोंद कशी असे ते पाहण्यासारखं आहे. नाव, साल, लांबी मिनिटांत, कंसात दिग्दर्शक, मग स्टार, मग नटनट्यांची नावं आणि शेवटी दोन-तीन ओळींत कथा आणि शेरा. सर्वांत वर चार स्टार, मध्ये अर्ध्याअर्ध्याच्या पायऱ्या, आणि तळाला स्टारऐवजी मोठ्या अक्षरांत 'बॉम्ब'. मिनिटांचा आकडा वाटतो तितका निरुपद्रवी नव्हता. जाहिराती बसवण्यासाठी स्थानिक वाहिन्या चित्रपट बिनदिक्कत कापत. पुस्तकात ११८ मिनिटं आणि दोन तासांच्या कार्यक्रमात चित्रपट भरपूर जाहिरातींसह संपतो आहे, म्हणजे कात्री किती चालली हे घरबसल्या कळे. शेरेही तिखट असत. १९४८च्या एका चित्रपटाचं नावच प्रश्नार्थक होतं, 'इझन्ट इट रोमँटिक?'. मॉल्टिनने त्याचं परीक्षण एका नकारार्थी शब्दात उरकलं.

पण या पुस्तकाने नकळत एक वेगळी सवय लावली. थायररचा वाचक परीक्षण आधी वाचे आणि मग थिएटरात जाई. मॉल्टिनचा वाचक पुष्कळदा चित्रपट पाहून झाल्यावर पान उघडे. आपल्याला आवडला, याने किती दिलेत? दीडच? मग पुस्तकाशी भांडण, समासात पेन्सिलीने खुणा, आपले स्वतःचे स्टार. तिकीट काढलेलं नव्हतं, प्रवास केलेला नव्हता, त्यामुळे सल्ल्याची निकड उरली नव्हती. घेणारा आता देणाराही होऊ लागला.

आपल्याकडची तऱ्हा

हिंदुस्थानात परीक्षणाचा दरारा जुना. मुंबईत बाबूराव पटेलांनी १९३५मध्ये 'फिल्मइंडिया' सुरू केलं आणि निर्मात्यांची झोप उडवली. त्यांना स्टारची गरजच पडत नसे. शिव्यांमध्येच प्रतवारी होती. नाट्यगृहात तर प्रेक्षकांचा निकाल जागच्या जागी लागायचा. आवडलेल्या पदाला वन्स मोअर आणि नावडत्याला टाळ्यांचा उपरोधिक कडकडाट, दोन्ही नटाच्या तोंडावर.

घरी चित्रपट पाहणं आपल्याकडे आलं ते मात्र निवडीशिवाय आलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढे शनिवारी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट हा आठवड्याचा नेम झाला. एकच वाहिनी, एकच चित्रपट, आणि चाळीतल्या एका टीव्हीपुढे बसलेली पंचवीस-तीस माणसं. बघायचा की नाही हा प्रश्नच नव्हता, म्हणून स्टारही नव्हते. चर्चा भरपूर व्हायची, पण ती चित्रपटाला पास-नापास करायची नसून नूतन कशी दिसत होती आणि बातम्यांसाठी नेमका कुठे तोडला याची असायची.

१९८२च्या आशियाई स्पर्धांनंतर रंगीत टीव्ही आणि त्यामागून व्हीसीआर पसरला. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं ते एका रात्रीसाठी टीव्हीसकट भाड्याने आणत. भाडं वसूल व्हायचं तर रात्रीत तीन-चार चित्रपट संपवणं भाग. कोणते आणायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे व्हिडिओ लायब्ररीवाला. त्याने किती चित्रपट पाहिलेले असत देव जाणे, पण कोणती टेप किती लोकांनी नेली, कुणी सकाळी नऊच्या आत परत केली आणि कुणी एक दिवस जास्त ठेवून घेतली, हे त्याला पाठ असायचं. "घेऊन जा, बायकांना आवडेल" किंवा "नका नेऊ, प्रिंट खराब आहे" एवढ्यात परीक्षण संपे. समोरचं घर कोणतं, त्यात म्हातारी माणसं आहेत की कॉलेजची पोरं, हे पाहून तो उत्तर बदलायचा. एकाच चित्रपटाचं दोन गिऱ्हाइकांना दोन प्रकारे सांगणारा हा माणूस पुढे यंत्राने बनवायचा प्रयत्न झाला आणि त्यावर मोठी रक्कम लावली गेली. त्याकडे येऊच.

नाव गळतं, सरासरी उरते

कॉल नीडम हा मँचेस्टरजवळ वाढलेला मुलगा. एकदा 'एलियन'ची टेप पंधरवडाभर हातात आली तेव्हा तो चित्रपट त्याने रोज पाहिला, असं तो सांगतो. पाहिलेल्या चित्रपटांची नोंद तो घरच्या संगणकात करू लागला: कुणी दिग्दर्शित केला, कोण होतं. हे केवळ स्वतःसाठी होतं. पुढे ब्रिस्टलमध्ये ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करताना त्याला संगणकाच्या जाळ्यावरून अशाच याद्या ठेवणारे इतर वेडे भेटले. त्या याद्या एकत्र शोधता येतील असा प्रोग्रॅम त्याने १७ ऑक्टोबर १९९०ला सगळ्यांसाठी खुला केला. त्याचंच पुढे आयएमडीबी झालं. १९९८मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं.

म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रपट-कोठाराच्या मुळाशी घरी टेप पाहणाऱ्या एका मुलाची वही आहे. पण कोठार मोठं होताना वहीतली मुख्य गोष्ट नाहीशी झाली: कुणाची नोंद. कुणीही एकपासून दहापर्यंत गुण द्यावेत, आणि वाचणाऱ्याला दिसावा एकच आकडा, ७.४.

साधी सरासरी फसवी असते हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. दिग्दर्शकाच्या शंभर नातेवाइकांनी दहापैकी साडेनऊ दिले तर तो चित्रपट 'गॉडफादर'च्या वर जाईल. म्हणून सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी एक युक्ती जाहीर केली गेली. प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधीच काही हजार मामुली मतं पडलेली आहेत असं धरायचं. अलीकडच्या सूत्रात हा आकडा २५,००० आहे. समजा सगळ्या चित्रपटांची सरासरी ७ आहे. मग त्या शंभर नातेवाइकांचे साडेनऊ २५,००० सातांमध्ये मिसळल्यावर चित्रपटाच्या पदरात पडतात जेमतेम ७.०१. खरोखर २५,००० लोकांनी साडेनऊ दिले तरी तो ८.२५वर येतो. नव्याने आलेल्याने आधी आपण चारचौघांसारखेच आहोत असं गृहीत धरून घ्यावं आणि मग वेगळेपण सिद्ध करावं, असा हा न्याय.

नातेवाइकांवर हा उपाय चालला, जमावावर चालेना. २०१४च्या फेब्रुवारीत यशराजचा 'गुंडे' आला. सुरुवातीच्या निवेदनात १९७१चं युद्ध भारत-पाकिस्तानचं आणि बांगलादेश त्यातून निघालेला, अशी मांडणी होती. आपल्या मुक्तिसंग्रामाचा हा अपमान आहे म्हणून बांगलादेशी तरुणांनी आयएमडीबीवर हजारोंनी एक-एक गुण दिला आणि 'गुंडे' जगातल्या सर्वांत वाईट चित्रपटांच्या तळाशी, १.४वर जाऊन बसला. निर्मात्यांना माफी मागावी लागली. संताप खरा होता, पण त्या १.४मध्ये रणवीर सिंगच्या कामाबद्दल किंवा पटकथेबद्दल काडीचीही माहिती नाही. नावं पुसून आकडा बनवला की त्यात कोण कशासाठी बोलतंय हे कळायला मार्ग उरत नाही.

दहा लाख डॉलरचं गणित

व्हिडिओ लायब्ररीवाल्याचं यंत्र बनवायचा प्रयत्न सर्वांत हिरीरीने केला नेटफ्लिक्सने. १९९८पासून ही कंपनी अमेरिकेत डीव्हीडी पोस्टाने घरी पाठवत असे. चित्रपट परत पाठवला की एक ते पाच स्टार द्यायचे. त्या पाच पायऱ्यांची नावं पाहा: अजिबात नाही आवडला, नाही आवडला, आवडला, खूप आवडला, प्रचंड आवडला. थायररचे स्टार चित्रपटाविषयी होते, उत्कृष्ट की बेताचा. नेटफ्लिक्सचे स्टार पाहणाऱ्याविषयी झाले. शिवाय एखाद्या न पाहिलेल्या चित्रपटाखाली जे तीन-साडेतीन तारे चमकत, ती लोकांची सरासरी नसून तुम्ही किती द्याल याचा कंपनीने बांधलेला अंदाज असे. बहुतेक ग्राहकांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

अंदाज चुकत असे तो साधारण एका स्टारइतका. २ ऑक्टोबर २००६ला कंपनीने जाहीर केलं की ही चूक दहा टक्क्यांनी कमी करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळतील. सरावासाठी १७,७७० चित्रपटांना ४,८०,१८९ ग्राहकांनी दिलेले १० कोटींहून अधिक स्टार खुले केले गेले. नावं काढून टाकली होती. उरले होते ग्राहकाचा क्रमांक, चित्रपट, तारीख आणि स्टार.

जगभरचे गणिती तीन वर्षं या ढिगावर बसले आणि माणसांबद्दल बरंच काही हाती लागलं. स्टार देण्यात सातत्य नसतं. एकच माणूस एका दिवशी सढळ असतो आणि दुसऱ्या दिवशी कंजूस. चित्रपट पाहून बराच काळ लोटल्यावर दिलेले स्टार ताज्या स्टारपेक्षा वेगळे असतात. २००४च्या सुरुवातीला तर सगळ्याच ग्राहकांची सरासरी एकाएकी वर गेली, चित्रपट तेच असताना. 'नेपोलियन डायनामाइट' नावाचा एक विक्षिप्त विनोदपट सगळ्या सूत्रांना पुरून उरला, कारण लोक त्याला एक तरी देत किंवा पाच तरी, आणि त्यांच्या बाकीच्या आवडींवरून काहीही सांगता येत नसे.

सर्वांत बोलका शोध मात्र स्पर्धेबाहेरचा होता. टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं की नाव काढलं तरी माणूस लपत नाही. एखाद्याने पाहिलेले आठ चित्रपट, त्याचे स्टार आणि साधारण दोन आठवड्यांच्या फरकाने तारखा कळल्या, त्यातल्या दोन नोंदी चुकीच्या असल्या तरी, ९९ टक्के वेळा त्या ढिगातली नेमकी एकच रांग हाती लागते. आयएमडीबीवर उघड नावाने गुण देणारे काही जण त्यांनी असे जुळवून काढले. माणसाची आवड हीच त्याची सही निघाली. खटला झाला, आणि दुसरी स्पर्धा २०१०मध्ये गुंडाळावी लागली.

बक्षीस २००९मध्ये दिलं गेलं. दोन संघांनी अगदी सारखीच अचूकता गाठली होती. वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणारा जिंकला. पण ते विजयी सूत्र कंपनीने संपूर्णपणे कधी वापरलंच नाही. एक तर ते फार अवजड होतं, आणि दुसरं म्हणजे तोवर पोस्टाचं पाकीट मागे पडून चित्रपट थेट पडद्यावर येऊ लागला होता. डिस्क मागवणारा माणूस दोन-तीन दिवसांनंतरच्या स्वतःसाठी निवड करतो आणि तो 'पुढचा मी' नेहमीच थोडा सुसंस्कृत असतो. ऑस्ट्रेलियातल्या एका डीव्हीडी-भाडेसेवेच्या नोंदींचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर, 'पाहायला हवेत' असे चित्रपट लोक मागवतात आणि मग हलक्याफुलक्यांपेक्षा जास्त दिवस घरात तसेच ठेवतात, असं त्यात आढळलं. स्ट्रीमिंगमध्ये हा मधला काळच गेला. आत्ता, जेवणाच्या ताटासमोर काय लावू, एवढाच प्रश्न उरला.

मिनिटांचा हिशेब

२०१७मध्ये नेटफ्लिक्सने पाच स्टार काढून अंगठे आणले. आधीच्या चाचण्यांत अंगठ्यांवर स्टारपेक्षा २०० टक्के जास्त प्रतिसाद आल्याचं कंपनीने सांगितलं. कारण सरळ होतं: स्टार म्हटलं की माणूस परीक्षकाची पगडी चढवतो, माहितीपटाला पाच आणि टुकार विनोदपटाला दोन देतो, आणि रात्री पुन्हा टुकार विनोदपटच लावतो. कंपनीला रात्री काय लागतं याच्याशी मतलब.

पुढे अंगठ्याचीही फारशी गरज राहिली नाही. २०२०च्या सुरुवातीपासून कंपनी सांगू लागली की दोन मिनिटं पाहिलं की तो 'पाहिला' धरू. नंतर पाहिले गेलेले एकूण तास मोजले, आणि २०२३पासून ते तास चित्रपटाच्या लांबीने भागून येणारा आकडा जाहीर होऊ लागला. या हिशेबात डोळे भरून पाहणारा आणि सोफ्यावर घोरणारा यांचं वजन सारखंच. टाळेबंदीत 'गुलाबो सिताबो'सारखे चित्रपट १२ जून २०२०पासून थेट घरी येऊ लागले तेव्हा तिकीटबारीही मधून गेली. 'चालला' आणि 'पडला' हे आपले जुने निकाल, ज्यांना किमान हाउसफुलच्या पाटीचा आधार होता, तेही हवेत गेले.

पुन्हा वही

अंगठ्यात काय मावत नाही हे पाहायला मराठीतलंच उदाहरण घेऊ. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार घेऊन ३० एप्रिल २०२१ला नेटफ्लिक्सवर आला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो घरीच पाहिला. रात्रीच्या मुंबईत गायन शिकणारा नायक शरद मोटारसायकलवरून संथपणे जातो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं ध्वनिमुद्रित बोलणं चालू असतं, सुमित्रा भावे यांच्या आवाजात; भावे प्रदर्शनाच्या काहीच दिवस आधी गेल्या होत्या. अर्ध्यात बंद करावासा वाटणं आणि आठवडाभर डोक्यातून न जाणं, हे दोन्ही एकाच प्रेक्षकाला होऊ शकतं. वर की खाली? तक्त्यात भांडण छापणाऱ्या 'काइए'वाल्यांना हा चित्रपट सोपा गेला असता.

कंपन्यांनी स्टार टाकून दिले तेव्हा ते प्रेक्षकांनी उचलले. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मॅथ्यू ब्यूकॅनन आणि कार्ल फॉन रँडो यांनी २०११मध्ये लेटरबॉक्स्ड सुरू केलं. त्याच्या गाभ्याशी रोजनिशी आहे: कोणत्या तारखेला काय पाहिलं, पहिल्यांदा की पुन्हा, अर्ध्यापासून पाचपर्यंत किती स्टार, आणि वाटलं तर दोन ओळी. टाळेबंदीच्या काळात त्याचे सभासद झपाट्याने वाढले. नीडमची वही तीस वर्षांनी परत आली, आता प्रत्येकाच्या नावावर. अर्थात वही चारचौघांत उघडी ठेवली की माणूस वहीसाठी लिहू लागतो. लाइक मिळतील असा एक चटपटीत वाक्याचा शेरा तिथेही बोकाळला आहे आणि चित्रपट संपायच्या आत तो सुचलेला असतो. पण निदान शेरा कुणाचा ते वर लिहिलेलं असतं, आणि त्याने याआधी कशाला किती दिले हे खाली उलगडून पाहता येतं.

ग्रुपवरच्या साडेतीन स्टारना किंमत आहे ती एवढ्यासाठीच. देणारी मावशी आपल्याला चाळीस वर्षं माहीत आहे. तिला रडवलेले सगळे चित्रपट साडेतीनच्या वर असतात, संथ चित्रपटांना ती दोनच्या वर सोडत नाही, आणि मामाने नावं ठेवलेला चित्रपट हमखास बघण्यासारखा निघतो. सतत उलट लागणारं मत सतत बरोबर लागणाऱ्या मताइतकंच कामाचं असतं. शिफारशीची पहिली सूत्रं लिहिणाऱ्या गणितींनीही विरुद्ध आवडीचा माणूस असाच, वजाचं चिन्ह लावून, हिशेबात धरला होता. तेव्हा "किती देशील?" असं विचारायला हरकत नाही, पण उत्तर ऐकताना मामा बोलतोय की मावशी, ते आधी पाहावं आणि गरज पडेल तिथे वजाचं चिन्ह लावावं.